मुक्काम ढेकूणवाडी

बुधवारी दुपारी गिरणीवाला अंगणात आला तेव्हा मी बाज विणत होतो. सुंभ ओला होता, मधेच थांबलं तर सैल पडतो, म्हणून मान वर न करताच म्हटलं, "बस. आज दळण नाही."

तो बसला नाही. अंगावर पीठ तसंच होतं, भुवया पांढऱ्या. गिरणी चालू असताना तो बाहेर पडत नाही, आणि भर दुपारी गिरणी बंद असलेली मी पंचवीस वर्षांत ऐकली नव्हती.

"वहिनी कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"भावाकडे. सोमवारी रुसून गेली. येईल आज-उद्या. का रे?"

तेव्हा तो बसला, अर्ध्या विणलेल्या बाजेच्या दांड्यावरच. अर्ध्या बाजेवर कुणी बसत नाही, ताण जातो. मी ओरडणार होतो.

"दादा, त्या भावाकडे नाहीत. बाजा विकणाऱ्या दुकानदाराचा फोन होता मला. त्याला मोठ्या दवाखान्यातून कळवलं. सोमवारी कचेरीच्या पायऱ्यांवर पडल्या म्हणे. काल संध्याकाळी..."

मी हातातला फेरा पुरा केला, दांड्याला गाठ मारली. हात आपोआप करत होते. मग विचारलं, "काल संध्याकाळी म्हणजे किती वाजता?"

"ते नाही सांगितलं."

काल संध्याकाळी मी त्याच्याच गिरणीच्या ओट्यावर बसलो होतो. त्यानं विचारलं होतं, काय, आज वहिनींचा आवाज नाही? आणि मी म्हणालो होतो, दोन दिवस झाले, घरात कशी शांतता आहे. दोघंही हसलो होतो. ते त्यालाही आठवलं असावं. तो माझ्याकडे बघत नव्हता, पायातल्या वहाणेचा अंगठा बघत होता.

आमच्या गावाचं नाव ढेकूणवाडी. हसू आलं तर हसा, सगळेच हसतात. बसचा कंडक्टर आमचा थांबा आला की ओरडतो, "ढेकणं उतरा! बाकीच्यांनी आपापलं अंग झटकून घ्या!" हे तो गेली कित्येक वर्षं म्हणतोय. त्याच्या आधीचा कंडक्टरही हेच म्हणायचा, आणि त्याच्या आधीचाही. नोकरीवर घेताना शिकवत असतील.

नाव पडलं ते आमच्या धंद्यावरून. आम्ही बाजा करतो. गावाला लागून तळं आहे. बाजेचं लाकूड सहा महिने त्या तळ्याच्या गाळात पुरून ठेवायचं, मग काढून मोठ्या कढईत उकळायचं, मग सावलीत वाळवायचं. अशा लाकडात ढेकूण राहत नाही. पूर्वी आसपासची माणसं आपल्या ढेकूण झालेल्या बाजा डोक्यावर घेऊन आमच्याकडे यायची, आम्ही त्या उकळून द्यायचो. शंभर गावांचे ढेकूण आमच्या कढईत मेले आणि नाव आम्हाला चिकटलं. आमच्या गावात ढेकूण औषधालाही सापडायचा नाही.

माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा नावापायी रडली होती. मला तिनं पहिल्या आठवड्यात सांगितलं, "मैत्रिणी मला चिडवून चिडवून पाठवायला आल्या. आता मी परत कधी जायचीच नाही माहेरच्या वेशीत." मग एकदा ती माझ्याबरोबर बाजारात आली. मी आपला बाजा मांडून गप्प बसायचो, कुणी विचारलं तर सांगायचो. ती उभी राहिली आणि मोठ्यानं ओरडली, "ढेकूणवाडीची बाज! या, ढेकूणवाडीची बाज!" आख्खा बाजार वळून हसला. दुपारपर्यंत सात बाजा गेल्या. घरी येताना म्हणाली, "अहो, हसला की माणूस थांबतो. थांबला की बाज बघतो. तुम्ही इतकी वर्षं नाव लपवत बसलात."

बाजेच्या पायाला आतल्या बाजूनं डाग द्यायची कल्पना तिची. लोखंडी सळी तापवून ती अंडाकृती ठसा उठवायची, त्याला सहा पाय काढायची. ढेकूण. तिला सही करण्यापुरतं लिहिता यायचं, पण तो ढेकूण असा काढायची की आता चालायला लागेल. माणसं बाज उलटी करून आधी तो बघायची.

बाज विणणं दोघांचं काम. एकानं सुंभ ओढायचा, दुसऱ्यानं पलीकडून ताण धरायचा. एकटा माणूसही विणू शकतो, पण मग ढोपरानं दांडा दाबून, दातांत दोर धरून विणावं लागतं. तीस वर्षं पलीकडचं टोक तिच्या हातात होतं. सबंध दुपार आम्ही समोरासमोर बसायचो. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना सुंभाचे चर पडले होते, तिथं कातडी शिंगासारखी झाली होती. भांडण झालं की ती ताण जास्त द्यायची. माझी बोटं कापायची. मी काही बोललो नाही की आणखी ओढायची.

नाव बदलायचं खूळ पोरांनी काढलं. खूळ म्हणतो, पण त्यांचं खोटं नव्हतं. बाहेर कामाला गेलेली पोरं, जिथं जातील तिथं नाव सांगायची चोरी. आमचा पोरगा शहरात फोन दुरुस्तीच्या दुकानात आहे. तिथं त्याला 'ढेक्या' म्हणतात. त्याचं लग्न ठरत आलं होतं, मुलीच्या काकानं गाव विचारलं, ऐकलं, आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पोरगी काय उकळायला द्यायची आहे का?" सगळे हसले. मुलगीही हसली. पोरगा उठून आला. ते लग्न त्यानंच मोडलं, पण मोडलं ते त्या हसण्यानं.

मग त्यानं अर्ज लिहिला. त्याचं अक्षर चांगलं आहे. गावाचं नाव उदयनगर करावं, खाली साठेक पोरांच्या सह्या, सगळ्यांत वर त्याची. गावच्या पुढाऱ्यानं अर्ज उचलून धरला. त्याला नव्या पाटीवर आपलं नाव पाहिजे होतं.

बायकोला कळलं तेव्हा ती कढईखाली जाळ घालत होती. पोरगा सुट्टीला आला होता.

"उदयनगर?" ती म्हणाली. "कुणाचा उदय?"

"आई, नाव चांगलं असावं एवढंच."

"मग तुझंही बदलू का? तुझ्या आजीनं ठेवलंय, जुनं झालंय."

"तुला बाजारात हसतात ते चालतं. मला नाही चालत."

"मला हसतात आणि बाज घेतात. तुला हसतात तर तूही काहीतरी विक की."

मी हसलो. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी बोला." ती म्हणाली, "हो, बोला की." मी लाकूड उलथायला उठलो. हे माझं नेहमीचं. दोघांच्या मधे पडायचं आलं की मला लाकूड उलथायचं आठवतं.

मग तिनं आपला कागद काढला. नाव बदलू नये म्हणून. गिरणीवाल्याकडून लिहून घेतला आणि घरोघर फिरली. दुपारी काम, उन्हं कलली की सह्या. पाय सुजायचे तिचे त्या दिवसांत, चढावर थांबून श्वास घ्यायची. मी म्हटलं, दवाखान्यात दाखव. म्हणाली, कचेरीत जाईन तेव्हा जाता जाता दाखवते. एक्केचाळीस सह्या आणि अंगठे झाले.

सोमवारी सकाळी कागद द्यायला निघताना तिनं तो माझ्यापुढं धरला. "तुमची राहिली."

"पोराच्या विरुद्ध मी सही करू?"

"विरुद्ध नाही. गावाच्या बाजूनं."

"तो एकच आहे आपल्याला. त्याच्या अर्जावर त्याचं नाव पहिलं आहे. मी नाही करायचा."

"करू नका," ती म्हणाली. कागद घडी करून पिशवीत ठेवला. दारात वळून म्हणाली, "सुंभ भिजत घातलाय. दुपारपर्यंत काढा, कुजेल."

एवढंच. म्हणून मी धरून चाललो की कागद देऊन ती तिकडूनच भावाकडे गेली. वर्षातून एकदा-दोनदा जायची तशी. दोन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी यायची, आल्या आल्या घर झाडायला घ्यायची. मी तिसऱ्या दिवसाची वाट बघत होतो. तिसरा दिवस बुधवार.

गिरणीवाल्यानं पोराला आधीच फोन केला होता, तो शहरातून थेट दवाखान्यात आला, माझ्या आधी पोचला. खिडकीपाशी रांगेत उभा होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं, मग परत वळला आणि माझ्या खांद्याला धरलं. "अनोळखी म्हणून नोंद केलीय," तो म्हणाला. "नाव-गाव काहीच नाही. शुद्धीवरच आली नसणार. नाहीतर सांगितलं असतं तिनं."

मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं.

तो कागद भरत राहिला, मला आत नेलं. लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधून ओली फरशी. एक आया पुढं चालत होती. जाडजूड, पन्नाशीची, हातात फडकं. शेवटच्या दाराशी ती थांबली.

"तुम्ही ढेकूणवाडीचे?"

"हो."

"म्हणजे आहे गाव," ती म्हणाली. "मी सांगत होते त्यांना. माझ्या घरी आहे तुमच्याकडची बाज, आत ढेकूण काढलेला. माझ्या नवऱ्यानं आणली होती. मी सांगत होते."

"कुणाला सांगत होता?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. तिनं सांगितलं ते असं.

सोमवारी दुपारी बायकोला आणलं तेव्हा ती बोलत होती. छातीत कळ होती, धाप होती, पण बोलत होती. नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, मुक्काम ढेकूणवाडी सांगितलं. नोंदणीवाल्यानं यंत्रात बघितलं, असं गाव नाही. पंधरा दिवसांपूर्वी वरून नवी यादी आली होती, तिच्यात उदयनगर होतं. निकाल व्हायचा होता, पण यादी आधीच आली. तो म्हणाला, बाई, थट्टा करू नका, खरं गाव सांगा. ती म्हणाली, खरंच आहे. तो म्हणाला, ढेकूणवाडी? आणि मुंग्यापूर कुठं आहे? तिथले दोघं-तिघं हसले. मग त्यानं लिहिलं, भ्रमात आहे, नाव-गाव सांगता येत नाही.

"मी मंगळवारी दुपारच्या पाळीला आले," आया म्हणाली. "तेव्हाही शुद्धीवर होत्या. जो जाईल त्याचा हात धरायच्या. ढेकूणवाडीला निरोप द्या, माझ्या माणसाला बोलवा. मला म्हणाल्या, ते येतील, लांब नाही, बसनं दीड तास. मी खाली जाऊन भांडले. यादीत नाही तर कुणाला फोन करू, म्हणतो. मग मी माझ्या घरी निरोप पाठवला, बाज कुठल्या दुकानातून घेतली ते शोधा. तो दुकानदार आज सकाळी सापडला. मी उशीर केला का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही केला."

"शेवटी विचारत होत्या, गाडी आली का. मी म्हटलं, येतेय."

ती दार उघडायला लागली. मी तिला थांबवलं. "बाई, बाहेर माझा मुलगा आहे. त्याला हे सांगू नका."

"का?"

मी दाराकडे वळलो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "बरं."

बायकोचा हात चादरीबाहेर होता. त्या दोन बोटांचे चर पांढरे झाले होते. मी ती बोटं धरून थोडा वेळ उभा राहिलो.

बाहेर आलो तेव्हा पोरानं कागद तयार ठेवला होता. "इथं सही करा बाबा, म्हणजे नेता येईल." नात्यापुढं पती, पत्त्यापुढं त्याच्या चांगल्या अक्षरात उदयनगर. "यादीत तेच आहे," तो म्हणाला, मान खाली घालून. "दुसरं लिहिलं तर सोडणार नाहीत."

मी सही केली. दोन दिवसांपूर्वी तिनं मागितली होती ती दिली नव्हती. ही मात्र दिली.

त्याच दिवशी तिला स्मशानात पोचवून आलो. पोरगा पंधरा दिवस राहिला. पहिले चार दिवस आम्ही काही केलं नाही. पाचव्या दिवशी तळ्यावरचं लाकूड काढायला आलं होतं, ते थांबणारं नव्हतं. दोघं गाळात उतरलो. मांडीपर्यंत थंड चिखल. तो शहरात गेल्यापासून उतरला नव्हता. लाकूड सोडवताना दोनदा पडला, उठला. उकळताना वाफेनं त्याचा हात भाजला. संध्याकाळी अर्ध्या राहिलेल्या बाजेसाठी सुंभ भिजवला आणि तो तिच्या जागेवर बसला. ताण त्याला जमेना. सैल धरायचा, मग एकदम जोरात ओढायचा. तिसऱ्या दिवशी बोटं फाटली. मी म्हटलं, राहू दे.

"आईची कशी नाही फाटायची?"

"तिचीही फाटायची. मग राठ झाली."

त्यानं चिंधी गुंडाळली आणि परत दोर धरला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, ती पडली तेव्हा दुखलं असेल का फार?"

"नसेल. शुद्धच गेली होती तिची."

"मला तेच वाटतं सारखं. कळलंच नसेल तिला." त्यानं दोर ओढला. "बरं झालं, कळलं नाही ते."

मी खाली बघून विणत राहिलो. वीण चुकली होती, दोन फेरे मागं जाऊन उसवावे लागले.

नावाची चौकशी त्यानंतरच्या सोमवारी होती, शाळेच्या ओसरीवर. साहेब येऊन दोन्ही बाजू ऐकणार होता. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. सकाळी सुंभ वळून देणारी दोरवाली म्हातारी आमच्या अंगणात आली. तिच्याकडून आम्ही कायम सुंभ घ्यायचो. बायकोवर तिचा फार जीव. कागदावर पहिला अंगठा तिचा होता.

"येणार ना रे?"

"येतो."

"नुसता येऊ नको, बोल. ती असती तर तिनं त्या साहेबाला उभं-आडवं केलं असतं. आता तुझ्याशिवाय कोण आहे? आमचं कोण ऐकतं? तिच्या नवऱ्याचं ऐकतील."

ओसरी भरली होती. पोरं एका बाजूला भिंतीला टेकून, त्यांच्यात माझा पोरगा, फाटलेल्या बोटांना चिंध्या. म्हातारी माणसं दुसऱ्या बाजूला. कचेरीच्या शिपायानं बायकोची पिशवी आणून दिली, ती पायऱ्यांवर राहिली होती. कागद त्यानं साहेबापुढं ठेवला. साहेब भला माणूस होता. तरुण, चष्मा, सगळ्यांना अहो-जाहो.

पुढारी बोलला. गावाची अब्रू, पोरांची लग्नं, बाहेरची प्रगती. गिरणीवाला उठून म्हणाला, "बाजारात उदयनगरची बाज म्हटलं तर कोण वळून बघेल?" पुढारी म्हणाला, "मग पाटीवर ढेकूण काढू, तेवढ्यानं झालं?" पोरं हसली. दोरवाली म्हणाली, "हसा. तुमच्या आयांनी त्याच ढेकणावर तुम्हाला वाढवलंय. तुमचं रक्त त्यानं नाही प्यायलं, तुम्ही त्याचं प्यायलात." मग सगळेच हसले, साहेबसुद्धा.

साहेबानं कागद वाचला. "यावर एक्केचाळीस हरकती आहेत. गोळा करणाऱ्या बाई..."

"त्या वारल्या," पुढारी म्हणाला. "वाईट झालं. पण साहेब, एक सांगू का? त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याची सही नाही त्याच्यावर. बघा हवं तर."

साहेबानं बघितलं. सगळ्या ओसरीनं माझ्याकडे बघितलं. दोरवालीला ते माहीत नव्हतं. तिचं तोंड उघडं राहिलं.

साहेब म्हणाला, "हे बघा, दोन्हीकडे माणसं आहेत. आवडीनिवडीवर मला ठरवता येणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे. नव्या नावामुळं कुणाचं प्रत्यक्ष काही नुकसान झालं आहे का? तसं एक जरी उदाहरण असेल तर मी हे थांबवून वर लिहीन. माझ्या अधिकारात आहे ते."

कुणाकडे उदाहरण नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं. दोरवालीनं मला काठीनं ढोसलं. "ऊठ."

मी उठलो.

मला सगळं एका दमात सांगता आलं असतं. सोमवारी दुपारी आणली, मंगळवारी संध्याकाळी गेली, सबंध वेळ गावाचं नाव सांगत होती आणि ते तुमच्या यादीत नव्हतं. आया साक्षीला आली असती. तेवढ्यावर नाव राहिलं असतं, बायकोनं ज्याच्यासाठी पाय झिजवले ते झालं असतं. मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. पोरगा माझ्याकडे बघत होता. तो घाबरला नव्हता. त्याला वाटत होतं, बाबा आईच्या बाजूनं दोन शब्द बोलतील, बोलू देत. चिंधी बांधलेला हात त्यानं मांडीवर ठेवला होता. अर्जाच्या वर त्याचं अक्षर, त्याची सही. यादी का बदलली ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

"बोला, काका," साहेब म्हणाला.

"नाही साहेब," मी म्हटलं. "माझं काही नुकसान नाही."

आणि खाली बसलो.

दोरवाली उठली. काठी टेकत माझ्यापुढून जाताना थांबली. "तिला जिवंतपणी सही दिली नाहीस," ती म्हणाली, "मेल्यावर एक शब्दही नाही. ती कुणासाठी उन्हातान्हात फिरत होती रे?" ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. पोरगा तिला म्हणाला, "आजी, त्यांना काही बोलू नका, ते आधीच..." ती त्याच्याकडे बघायलाही थांबली नाही.

महिन्याभरात पाटी लागली. निळ्यावर पांढरं, खाली पुढाऱ्याचं नाव. कंडक्टर तरीही 'ढेकणं उतरा' म्हणतो, पण आता म्हातारीच माणसं हसतात. कचेरीतून दाखला आला, मृत्यूची जागा, वय, आणि पत्ता उदयनगर. ती एक दिवसही उदयनगरात राहिली नव्हती. मी तो कपाटात ठेवला.

दोरवाली मला सुंभ देत नाही. तिनं तसं सांगितलं नाही, फक्त मी गेलो की सुंभ संपलेला असतो. बाहेरून आणतो, तो जाडाभरडा असतो, बाजेला लव सुटते. गिरणीवाला बोलतो, पण ओट्यावर बस म्हणत नाही. बाजारात मी अजून ढेकूणवाडीचीच बाज म्हणून ओरडतो. माझा आवाज तिच्यासारखा लागत नाही. गेल्या बाजारी एक बाई बाज उलटी करून म्हणाली, "आत चित्र नाही." मी म्हटलं, "काढणारी गेली." तिनं बाज घेतली नाही.

पोराचं लग्न ठरलं. त्याच मुलीशी. तिच्या काकानं या वेळी चहा पुरा प्यायला. पोरगा मागच्या आठवड्यात सांगायला आला होता. माझ्यासमोर बसून त्यानं ताण धरला. आता त्याला बरा जमतो. दहा-बारा फेरे विणून झाल्यावर म्हणाला, "बाबा, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी ओसरीवर उठलात. काय बोलणार होतात?"

"काही नाही."

"मला वाटलं, आईबद्दल काहीतरी."

"नाही."

"ती माझ्यावर रागावून गेली का हो? तेवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं." तो दोराकडे बघत होता. "तुम्हाला काही बोलली होती का?"

"सुंभ काढा म्हणाली. कुजेल म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं मान हलवली. बाज संपवूनच तो गेला, चहा घेतला नाही. पुढच्या महिन्यात लग्न आहे. नवी सून येईल, दोघं शहरात राहतील, त्यांना पोरं होतील, ती मला आजीबद्दल विचारतील.

ती दीड दिवस शुद्धीवर होती, हे मी पोराला अजून सांगितलेलं नाही.